चारवाले

नेरूळच्या आमच्या कंपनीत एक गृहस्थ मे महिन्यातही स्वेटर घालून एसीने गारठलेल्या मशीन रूममध्ये बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे त्यांना चारवाले म्हणत. आम्ही, बंगळूरवाले आणि अमेरिकावाले दिवसभर जे प्रोग्राम लिहू, ते सगळे रोज चार वाजता हे गृहस्थ एकत्र जोडून चालवून बघत. ज्याच्यामुळे मोडलं, त्याच्या टेबलावर चिठ्ठी पालथी ठेवून निघून जात.

मी मात्र माझी बिलछपाई, म्हणजे बिलं छापणारा प्रोग्राम, तीन आठवडे दडवून ठेवली. क्लायंटसमोर एकदम पडदा उघडायचा आणि बढती घ्यायची, असा माझा बेत होता. क्लायंट येण्याच्या आदल्या दिवशी ती चारवाल्यांना दिली. सव्वाचारला सगळंच बंद पडलं.

"माझ्या मशीनवर चालतं," मी म्हणालो.

"चालणारच हो. तिथे एकटंच आहे ना ते."

त्यांनी स्वेटरची बाही नीट केली आणि माझं काम काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी क्लायंटने सॉफ्टवेअर बिलांशिवायच पाहिलं.

त्या दिवशी चारला मी त्यांना बिलछपाईचं स्क्रीनवरचं नुसतं एक बटण दिलं. दाबलं तरी काहीच होत नसे. त्यांनी ते जोडलं, सगळं चालवून पाहिलं.

"छान. कुणाला त्रास नाही," ते म्हणाले. "उद्या त्याला थोडं काम शिकवा."