बाईंनी न वाचलेली सूचना

अन्याय झाला तो सुमन शेलारवर. त्र्याहत्तर साली, दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या शनिवारी, दुपारच्या मधल्या सुट्टीत. ठिकाण सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजची लेडीज रूम. करणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका शांता तारळेकर. हे मी तेव्हा पत्रकात छापलं होतं. आज त्याच बाईंविषयी मनापासून चांगलं लिहायला बसले आहे, तरी सुरुवात बदलणार नाही. बदललेली बाईंनाच आवडली नसती.

ज्यांनी बाईंना पाहिलं नाही त्यांनी अशी कल्पना करावी: बुटक्या, सावळ्या, करड्या रंगाची सुती साडी, पायांत बायकांच्या दुकानात मिळणार नाहीत अशा जाड वहाणा. वडील फौजेतून सुभेदार होऊन साताऱ्याकडच्या गावी परतलेले, त्यामुळे बाईंचा आवाज आधी मैदानात आणि मग वर्गात वाढलेला. रोज मधल्या सुट्टीत त्या पोर्चमधल्या नोटीस बोर्डापुढे उभ्या राहत, पेन्सिलीनं काहीबाही टिपून घेत आणि तिथून थेट लेडीज रूममध्ये येत. डबे उघडलेले असत, कुणाच्या तरी लोणच्यावरून भांडण चाललेलं असे. बाई खिडकीला पाठ लावून म्हणत, "आधी कान, मग मान." म्हणजे आधी ऐका, मग हो किंवा नाही म्हणा. आणि सूचना वाचायला लागत.

आता कुणी विचारेल, मुलींना वाचता येत नव्हतं का? येत होतं. बोर्डापर्यंत जाता येत नव्हतं. आमच्या कॉलेजची रीतच अशी होती की मुलींनी लेडीज रूममध्ये बसायचं, तास सुरू झाला की प्राध्यापकांच्या मागून रांगेनं वर्गात जायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागून परत यायचं. बोर्ड होता पोर्चमध्ये. तिथं सायकली टेकवून पोरं उभी. एखादी मुलगी थांबलीच तर "काय शोधताय, आमी वाचून दावू का?" आणि ती तिथं थांबल्याची बातमी संध्याकाळच्या एस.टी.नं तिच्या आधी तिच्या गावी. विद्यापीठातून येणारी प्रत्येक संधी, शिष्यवृत्ती, स्पर्धा, शिबिर, नोकरी, त्या बोर्डावर चिकटत होती, आणि लेडीज रूमपर्यंत ती पोचतच नव्हती. नियम कुणी केला नव्हता. म्हणून तो मोडायलाही कुणी नव्हतं.

मी त्यावर मोर्चा काढायचं म्हणत होते. मी तेव्हा कलाशाखेच्या शेवटच्या वर्षाला होते आणि पत्रकं छापायच्या सायक्लोस्टाईल मशिनच्या शाईनं माझे हात कायम काळे असत. बाई म्हणाल्या, "मोर्चा काढ. तोवर मी वाचते." आणि त्या वाचू लागल्या. इतर प्राध्यापक हसत. एकानं तर त्यांचं नाव आकाशवाणी ठेवलं होतं. बाईंना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, आकाशवाणीला पगार बरा आहे असं ऐकते.

पण एक गोष्ट तेव्हा माझ्याही लक्षात आली नव्हती. बाई सगळं वाचत नव्हत्या. मुलींच्या उपयोगाचं वाचत होत्या. वक्तृत्व स्पर्धा, बी.एड.ची भरती, टायपिंगची परीक्षा, फी माफीचे अर्ज. बाकीचं पोर्चमध्येच राहत होतं.

सुमन शेलार मेढ्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीची. तिच्या गावाला तेव्हा रस्ता नव्हता. मावशीकडे राहून ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, विषय भूशास्त्र. त्या वर्गात ती एकटी मुलगी. प्रयोगशाळेतले दगड ती भाकरी थापावी तसे हातात फिरवत बघायची. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं: दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत नोकरीचं काही ठरलं तर पुढचं पुढं, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. पाव्हणे बघून गेले होते. माणसं वाईट नव्हती. सुमनला फक्त आधी आपल्या पायावर उभं राहायचं होतं, आणि हे लेडीज रूममध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बाईंनाही.

दुष्काळ नुकताच सरला होता. गावोगाव जमिनीखालचं पाणी शोधायच्या एका सरकारी योजनेत भूशास्त्राचे विद्यार्थी पगारी शिकाऊ म्हणून घ्यायचे होते. शेवटच्या वर्षाला बसलेले चालतील असं सूचनेत होतं. काम डोंगरात, मुक्काम तंबूत. त्या शनिवारी बाईंनी ती सूचना बोर्डावर वाचली. लेडीज रूममध्ये आल्या. रांगोळी स्पर्धेची तारीख सांगितली, ग्रंथालयाच्या सुट्टीच्या वेळा सांगितल्या. ती सूचना सांगितली नाही.

सुट्टी संपल्यावर सुमनच्या वर्गातला एक मुलगा पेढे घेऊन आला. त्याची निवड झाली होती. तो वर्गात पहिलाही नव्हता आणि दुसराही नव्हता. सुमननं पेढा घेतला, त्याचं अभिनंदन केलं आणि लेडीज रूममध्ये येऊन माझ्या शेजारी बसली. मुदत सुट्टीतच संपली होती. ती रडली नाही. "मला कुणी बोललं का न्हाई?" एवढंच तिनं विचारलं, आणि एरवी कॉलेजात नीटनेटकं बोलणारी सुमन त्या दिवशी घरचं बोलली, म्हणून मला ते लागलं.

मी त्या दुपारी स्टेन्सिल कापली. मथळा असा होता: मुलींची नोकरी ऑफिसनं दाबली. मला पुरावा लागत नव्हता, ऑफिस होतं तेवढं पुरे होतं. पत्रकं निघायच्या आत बाईंनी ती स्टेन्सिल उजेडाला धरून वाचली. वाचून झाल्यावर स्टूल ओढून बसल्या.

"ऑफिसनं काही दाबलं नाही. बोर्डावर होतं. मी वाचलं आणि तुमच्यापर्यंत आणलं नाही. तिथं माझं नाव घाल."

मी म्हटलं, तुमचं कसं घालू, तुम्ही तर आमच्या बाजूच्या.

"बाजू बघून पत्रक काढतेस होय? मग इतके दिवस उगीच शाई नासलीस."

का आणलं नाही, हे मी विचारलं. बाईंनी लपवलं नाही. तंबूतला मुक्काम, सोबत सगळे पुरुष. कुठल्या घरचे लोक मुलीला सोडतील, उगीच पोरीच्या मनाला आशा लावून घरात भांडण कशाला, असं त्यांना त्या बोर्डापुढे उभं असताना वाटलं होतं. म्हणाल्या, "सुमनचाच विचार मनात आला होता गं. तिचा विचार करूनच नाही सांगितलं."

मी त्यांचं नाव घातलं. पत्रक निघालं. मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. विजया पाटील, तासगावची, माझी जिवाची मैत्रीण, तिनं मला तोंडावर कृतघ्न म्हटलं. प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलं की खुलासा करा, आम्ही या पोरीला काढून टाकतो. बाईंनी खुलासा केला, तो बोर्डावर. स्वतःच्या अक्षरात: अमुक सूचना मी वाचली, विद्यार्थिनींना सांगितली नाही, चूक माझी आहे. प्राचार्यांनी तो कागद उतरवून घेतला, संस्थेची शोभा होते म्हणून. शिपायानं टाचण्या काढल्या तेव्हा बाई शेजारीच उभ्या होत्या. तिथून त्या लेडीज रूममध्ये आल्या आणि तोच मजकूर आम्हाला वाचून दाखवला, वक्तृत्व स्पर्धेच्या आवाजात नाही, रोजच्याच.

मग त्या सुमनला घेऊन साताऱ्याला गेल्या. मीही गेले. त्या योजनेचं काम बघणारे साहेब सज्जन होते. चहा दिला. सांगितलं की निवड झाली, यादी वर गेली, आणि बाई, खरं सांगायचं तर मुलींची तंबूत सोय नाही. सुमन म्हणाली, "साहेब, मी सुट्टीत घरी जाते ती डोंगर चढूनच जाते. रात झाली तर वाटेत देवळात निजतो आम्ही." साहेब हसले, पण चांगलं हसले. पुढची भरती निघाली तर जरूर अर्ज करा म्हणाले. कधी निघेल ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

साताऱ्याहून आम्ही मेढ्याची गाडी धरली. मला वाटलं होतं बाई सुमनच्या वडिलांपुढे शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोलतील. माझं तर भाषण तयार होतं. वाडीत पोचेपर्यंत दम लागून ते अर्धं विसरलं. सुमनचे वडील फौजेतून आलेले, ताठ बसणारे, कमी बोलणारे. बाईंनी पाणी घेतलं आणि सरळ सांगितलं की तुमच्या मुलीला नोकरी मिळाली असती, ती माझ्यामुळे गेली. मी तिच्यापर्यंत बातमी पोचवली नाही. तिला एक वर्ष द्या, एवढं मागायला आले.

ते म्हणाले, "आवं बाई, पलटणीत कोर्स निघाला की रोलकॉलला वाचत्यात. समद्या कंपनीपुढं. कुणाला जमंल, कुणाला न्हाई, त्ये वाचनारा ठरवत न्हाई."

बाई म्हणाल्या, "माझे वडीलही फौजेत होते."

"मग तर तुमास्नी ठावं हाय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "इतक्या लांब येऊन खरं बोललात, लय बरं वाटलं. पर पाव्हन्यांस्नी शबूद दिलाय. तुमी दिवाळीत आला असता तर गोष्ट येगळी व्हती. तवा शबूद दिला नव्हता."

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. आयुष्यात मला कुणी गप्प केलं असेल तर तेवढंच.

वाडीच्या उतारापर्यंत सुमन आम्हाला पोचवायला आली. बाईंनी तिची क्षमा मागितली. सुमननं ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. ती म्हणाली, "बाई, तुमी वाचलं असतं आन् मीच नको म्हनलं असतं, तर मला गप झोप लागली असती. आता जलमभर वाटनार, मी गेले असते का." मग वाकून पाया पडली आणि वर निघून गेली. तिची चाल डोंगरातल्या बाईची, न अडखळता, मागं न बघता. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. वाईला असते. घर चांगलं आहे, नवरा मानानं वागवतो. भूशास्त्राचा तिथं कुणाला उपयोग नाही.

त्यानंतर बाई सगळं वाचू लागल्या. सगळं म्हणजे सगळं. हरवलेली छत्री, वसतिगृहातल्या मुलांना तांब्या स्वतःचा आणण्याबाबत, छात्रसेनेची भरती, कुस्तीचे वजनगट. आम्ही हसून लोळायचो. विजया म्हणायची, "बाई, ह्या वरच्या गटात माझं वजन बसतंय बघा, नाव घाला." बाई शांतपणे सांगायच्या की अर्ज जिमखान्यात मिळेल, शेवटचा दिवस शुक्रवार. मी एकदा म्हटलं, निदान मुलांच्या दाढीच्या नियमाचं तरी सोडा. त्या म्हणाल्या, "आज दाढी सोडेन, उद्या आणखी काही. मला निवडायची सवय आहे, ती वाईट आहे." थट्टेत गेलेल्या त्या वाचनातूनच तासगावची हीच विजया टेलिफोनच्या नोकरीला लागली; ती सूचना तर कुणी मुलींसाठी लिहिलेलीच नव्हती. तिनं पेढे आणले तेव्हा बाईंनी एक घेतला. चला, भरपाई झाली, असं मी म्हणाले. बाई म्हणाल्या, विजयाचं विजयाला मिळालं. सुमनचं सुमनला मिळालं नाही. हे दोन हिशोब मिसळू नकोस.

आणखी दोन वर्षांनी संस्थेनं बाईंची बदली आपल्या एका गावाकडच्या शाळेत केली. कारण शिस्त असं तोंडी सांगण्यात आलं. लेखी कुणी दिलं नाही, आणि असली कारणं लेखी द्यायची हिंमत त्या लोकांत कधीच नव्हती. मी तेव्हा कॉलेज सोडलेलं होतं, पण त्या दिवशी मुद्दाम गेले. बोर्डावर बदलीचा कागद होता. बाईंनी तो परीक्षा फीच्या तारखा आणि पाण्याची टाकी धुण्याची सूचना यांच्या मधोमध, क्रमानं आला तसा, खालच्या सहीसकट वाचला. मुलींना हसावं की रडावं कळेना. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं की उद्यापासून कोण वाचणार, आणि कुणी हात वर करेपर्यंत त्या खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. दोन हात वर झाले. मग त्या गेल्या.

मला पत्रकं लिहायची सवय आहे, तेव्हा शेवट पत्रकासारखाच करते. सुमनचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. वाटत असतं तर लढणं सोपं होतं. तुम्ही हे वाचताय, तुमच्याही घरात, वर्गात, कचेरीत असं एक माणूस आहे ज्याला तुम्ही एक गोष्ट सांगितलेली नाही. तिला काय करायचंय, त्याला झेपायचं नाही, त्यांच्या घरचे सोडणार नाहीत, असं तुम्हीच परस्पर ठरवून टाकलंत. नाव आत्ता तुमच्या मनात आलं असेल. पुस्तक मिटा आणि जाऊन सांगा. मुदत संपली असेल, तरीही जा. त्या माणसासमोर उभे राहा आणि म्हणा, मला माहीत होतं, आणि मी तुला सांगितलं नाही.