वशिंडाची मोटार

आमच्या दाजींचं, म्हणजे कारभारींचं, नाव काढलं की माझं डोकंच फिरतं. माणूस सोन्यासारखा, त्यात दुमत नाय. पण एकदा डोक्यात किडा वळवळला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाय. आन् भोगायचं कुणी? तर मी. कारण मी, रामकिसन, त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, आन् बजाजनगरात माझं गॅरेज.

दाजींचं गाव बिडकीनच्या अलीकडं. जमिनी कारखान्यांत गेल्या तसे गावात बंगले उठले, दारात गाड्या आल्या. दाजींनी काय करावं? पुण्यातल्या कुण्या शौकिनाकडून एक लाल, परदेशी, आठ सिलेंडरची गाडी उचलली. दोनच दारं, आन् बूड जमिनीला टेकलेलं. स्पीडब्रेकर आला की आधी आक्का खाली उतरायची, मग दाजी उतरून वाकून बघायचे, मग गाडी तिरपी करून पार करायचे. तोवर बकऱ्या पुढं निघून जायच्या. "चारशे घोड्यांची ताकद हाय," दाजी सांगायचे. आक्का म्हणायची, "घोड्या असतील, आन् सगळ्या गाभण."

वावर गेलं तशी बैलंबी गेली. आन् हितंच खरी गोम हाय. पोळ्याला वेशीतल्या तोरणाखालनं पहिली जोडी जायची ती दाजींच्या घरची, आज्याच्या काळापासनं. आता दावणच रिकामी, तर मान कशाचा? तर गेल्या पोळ्याला दाजी ती लाल गाडीच घेऊन वेशीत उभे राहिले. म्हणले, हाच माझा बैल. गाव हसून लोळलं. गावातल्याच बद्रीनाथाची देवणी बैलांची जोडी ह्या मानासाठी किती वर्षं टपून होती. तो म्हणला, "कारभारी, बैलाला वशिंड असतंय. ह्याला कुठंय? आन् हा डुरकतो कुठं? मांजरावानी गुरगुरायलाय."

गावात शब्द चालायचा नानासाहेब पाटलांचा. ते म्हणले, "औंदा जाऊ द्या. पुढल्या पोळ्याला जनावर जनावरासारखं दिसलं पाहिजे, नायतर मान बद्रीनाथाच्या दावणीला." झालं! दाजींचं अन्नपाण्यावरनं मन उडालं. जमीन गेली तवा हा माणूस रडला नव्हता, पण मान जायच्या नुसत्या बोलण्यानं खंगला.

दिवाळी झाली नाय तोच दाजी एक भलंमोठं खोकं घेऊन गॅरेजात हजर. मोबाईलवर बघून बाहेरदेशातनं सुपरचार्जरचा किट मागवलेला. सुपरचार्जर म्हणजे काय, तर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा दांडगा पंखा. बाहेरची हवा ओढायची आन् दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त जळतंय, आन् गाडी बोंबलत पळती. हे मी दाजींना नीट समजावलं. ते म्हणले, "म्हणजे सरकी-पेंडच की!" मी म्हणलं, "व्हय, तसंच समजा."

बॉनेटच्या आत मावणारा किटबी मिळतो. मी हात जोडून सांगितलं, तसला घ्या, बॉनेट कापायचं पाप माझ्या हातनं करवू नका. "आत मावला तर दिसंल कुणाला? वशिंड दिसाया पाहिजे!" आता बोला! शेवटी छाती घट्ट करून मी त्या गुळगुळीत लाल पत्र्याला कटर लावला. दाजी तोंड फिरवून उभे राहिले, गोऱ्ह्याचं नाक टोचताना राहतात तसे.

काम मात्र झकास झालं. मी माझ्याच तोंडानं सांगतो, दुसरं कोण सांगणार? बॉनेटमधनं वर आलेलं चकचकीत वशिंड, त्याचं तोंड पुढं उघडं. चावी मारली तर गॅरेजचे पत्रे थरथरले आन् समोरच्या मेसमधली माणसं ताटं हातात घेऊन बाहेर आली. दाजींच्या डोळ्यांत पाणी. "डुरकला," ते म्हणले, "रामकिसन, डुरकला रे!"

निघताना मी बजावलं, "दाजी, हे तोंड कायम उघडं पाहिजे. गाडी ह्यातनंच श्वास घेती. ह्याच्यावर काय बी झाकायचं नाय." "व्हय व्हय," दाजी म्हणले. ह्या माणसाचं 'व्हय व्हय' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असती. बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळायचं आन् त्याला जेवणाचं आवतण द्यायचं. मी गावात पोचलो तर आक्का मोटारीच्या वशिंडाला हळद-लोणी चोळायली, आन् दाजी बाजूच्या आरशाला तोंड लावून म्हणायलेत, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मी कपाळावर हात मारला. फडकं घेतलं आन् सगळं पुसून काढलं. तर आक्कानं मलाच झापलं, "सणासुदीचं चोळलेलं पुसतोस? लाज नाय वाटत?" मी फडकं खिशात कोंबलं.

दुसऱ्या दिवशी वेशीत मरणाची गर्दी. बैलांची शिंगं रंगवलेली, बेगड लावलेली, ताशा कडाडायला. आन् दाजींची मोटार आली. दिव्यांना बाशिंगं, आरशांना गोंडे, पुढं घुंगरांची माळ. आक्का नवं लुगडं नेसून शेजारी बसलेली. मी कौतुकानं बघायलो होतो, तेवढ्यात नजर बॉनेटवर गेली. बॉनेटवर, वशिंडासकट, झूल! गुलमंडीच्या बाजारातनं मखमल आणून शिवून घेतलेली, बिलोरी आरशांची, जरीच्या गोंड्यांची. पोळ्याला बैल बिनझुलीचा आणला तर लोक शेण घालतील तोंडात, हा दाजींचा हिशेब.

मी गर्दीतनं घुसत, हात हलवत, बोंबलत निघालो. दाजींनी मला बघितलं आन् काचंतनं मलाच रामराम घातला!

बैलांच्या लग्नाची मंगलाष्टकं संपली. बद्रीनाथ म्हणला, "डुरकू दे की एकदा. ऐकू तरी दे गावाला." दाजींनी पाय दाबला. बाप रे बाप! बैलांनी कान टवकारले, म्हातारे मागं सरकले, ताशावाल्याचा हात थांबला. बद्रीनाथाचं तोंड इतकं पडलं की काय सांगू. आन् तेवढ्यात वशिंडानं झूल आत ओढली. मखमल गेली, गोंडे गेले, आरसे कराकरा चावले गेले. गाडीला असा ठसका लागला की सगळी हादरली, तुटलेला पट्टा रस्त्यावर येऊन पडला, आन् गाडी मेली. तोरणाच्या अगदी अलीकडं, वेशीचं तोंड अडवून.

मी झूल ओढली. निम्मी हातात आली, निम्मी आतच. "व्हईल का सुरू?" दाजींनी हळूच विचारलं. "आज नाय, दाजी," मी म्हणलं.

बद्रीनाथ मिशीवर हात फिरवत आला. "माझी जोडी जुंपतो म्होरं. ओढून नेतो तुझ्या बैलाला."

"तुझी जोडी माझ्या म्होरं गेली, तर मान कुणाचा?"

"आता हे बी मीच सांगू व्हय?" लोक फिदीफिदी हसले. दाजींचं तोंड एवढंसं झालं. एरवी मी त्यांना शिव्या घालतो, पण त्या वक्ताला माझंच काळीज तुटलं.

"कारभारी," नानासाहेब म्हणले, "दिवस कलला. ओढ, नायतर सोड."

दाजींनी फेटा काढून आक्काच्या मांडीवर ठेवला. "सरू, स्टिअरिंग सरळ धर." मग डिकीतला दोर काढला, गाडीच्या नाकाडाला बांधला, आन् खांद्यावर घेतला. वेशीत जरासा चढ हाय. पहिल्या हिसक्याला गाडी हललीच नाय, दाजींच्या पायातला बूटच निसटला. मी ढकलायला धावलो तर माझ्यावर खेकसले, "हात लावायचा नाय! जनावर माझं हाय!" ते गुडघ्यात वाकले, मानेच्या शिरा टरारल्या. गाडीत बसलेल्या आक्कानं जन्मभर औत हाकलेलं. तिच्या तोंडातनं आपसूक निघालं, "च्यक् च्यक्... चल रं राजा, चल!" सगळी वेस खदाखदा हसली. पण चाक हललं! मग हसणं बंद झालं. बद्रीनाथच हातातला कासरा विसरून ओरडायला लागला, "कारभारी, सोडू नको! ओढ!" तोरणाची खाली लोंबलेली पानं दाजींच्या डोक्याला घासली, मग टपाला घासली, आन् गाडी पार झाली.

वेशीपलीकडं पहिलं घर नानासाहेबांचं. मानाच्या बैलाचे पाय तिथं त्यांची आई साळूबाई धुती. नव्वदीची म्हातारी, ताट-तांब्या घेऊन आली. मोटारीला खालवर बघितलं, वळसा घातला, आन् गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकणाऱ्या दाजींसमोर येऊन उभी राहिली. त्यांच्या पायांवर पाणी घातलं, एक बुटाचा, एक अनवाणी. कपाळाला कुंकू लावलं, आन् अख्खी पुरणपोळी त्यांच्या तोंडात कोंबली.

"मानाचा बैल हाच," म्हातारी म्हणली. "त्या पत्र्याला न्या बाजूला, मागली जनावरं खोळंबलीत."

गाव असं हसलं की बैलं बुजली. सगळ्यात जास्त हसला बद्रीनाथ, आन् सगळ्यात आधी पाया पडला तोबी बद्रीनाथच. दाजींना तोंडातली पोळी गिळता येईना, हसता येईना, डोळ्यांतनं मात्र घळाघळा पाणी. आक्का गाडीतनं उतरली आन् भर वेशीत, सगळ्यांच्या देखत, पदरानं त्यांचं तोंड पुसलं.