माइकवरचा हात

नव्या महापौरबाईंच्या हातातून त्यांच्या नवऱ्याने माइक किती सहज काढून घेतला! शेजारच्या ताटातला पापड उचलावा तसा.

शहरासाठी काय करणार, हे सांगायला आमच्या क्लबने बाईंना बोलावलं होतं. मी विचारलं, "मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह कधी होणार?"

बाई उत्साहाने म्हणाल्या, "मी परवाच जागा..." तेवढ्यात तो हात पुढे आला.

"मॅडमच्या वतीने मी सांगतो," म्हणत साहेब उड्डाणपुलाबद्दल बोलत सुटले. टाळ्या पडल्या. आमच्या अध्यक्षांनी तर पुष्पगुच्छही त्यांनाच दिला. मला किळस आली. दिवसभर लघवी दाबून बसणाऱ्या त्या बायका आणि शब्द गिळून बसलेली ही शहराची प्रथम नागरिक. बायकांना आपण सोसणंच तेवढं नीट शिकवलं.

जेवताना बाई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंडईमागे जागा आहे. मी स्वतः बघून आलेय."

"मग आत्ता सांगा ना सगळ्यांना! अजून कुणी गेलेलं नाही."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत फोटो काढून घेत होता.

"तुम्ही श्रीखंड घेतलंत का?" त्या म्हणाल्या.