कपाटाची फळी आणि फुलदाणीचं बूड

आमच्या घरात भुसा कुठं नसतो ते विचारा. चहाच्या कपात असतो, उशीच्या अभ्र्यात असतो, चादरी वाळत घातल्या की त्यांच्यावर असतो. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे सासरे बस चालवायचे आणि घर आरशासारखं लख्ख होतं. मग ते निवृत्त झाले, मागच्या शेडमध्ये एक जुना लेथ आणून बसवला, आणि माझ्या नशिबी झाडू आला तो आलाच.

तसे बाबा स्वभावानं गरीब. आवाज कधी चढवणार नाहीत. पण हट्ट म्हणाल तर असा की मी मी म्हणणारे हात टेकतील. कुणी 'नको' म्हटलं की ते शांतपणे 'बरं' म्हणतात आणि सकाळी तेच करायला लागतात. माझ्या नवऱ्यानं हा गुण उचलला नाही, एवढीच काय ती देवाची कृपा.

लाकडाचा ओंडका घेऊन त्यातून वाडगा उतरवणं त्यांना फार सोपं वाटतं. त्यांचं काम तुकड्यांचं. काळसर, पिवळट, तांबूस लाकडाचे बारा तुकडे तिरके कापायचे, कडेला कड भिडवून गोंदानं चिकटवायचे, की एक गोल कडं तयार होतं. अशी कडी एकावर एक चढवायची आणि तो सगळा डोलारा लेथवर फिरवत हत्यारानं तासायचा. शेवटी नक्षी विणल्यासारखा वाडगा हातात येतो. कापताना कोन केसभर चुकला तर बाराव्या तुकड्यापाशी नख जाईल एवढी फट पडते, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"एवढा जीव कशासाठी काढता?" एकदा मी वैतागून विचारलंच.

"आयुष्यभर लोकांना पोचवलं, सूनबाई," ते म्हणाले. "सगळे उतरून गेले. गाडी रिकामी करायची, डेपोत लावायची, हात झटकून घरी यायचं. आता माझं काहीतरी कुठंतरी राहावं असं वाटतं."

मी झाडू घेतला आणि शेड झाडून काढली.

शहरातल्या मोठ्या रस्त्यावर एक गॅलरी आहे, दर्शनी बाजूला सगळी काच. ती चालवणाऱ्या बाई चष्मा डोक्यावर ठेवून मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी बाबांचे दोन वाडगे उलटसुलट करून पाहिले आणि खिडकीजवळचं एक शेल्फ त्यांना दिलं. त्यांच्या नावाचं कार्डसुद्धा लावलं. बाबांनी खिशातला रुमाल काढून आधी ते शेल्फ पुसलं, मग वाडगे ठेवले. त्यानंतर कसलं ना कसलं निमित्त काढून ते त्या रस्त्यानं जायचे आणि काचेतून बघून यायचे. आम्हाला वाटायचं, दाढीचं ब्लेड आणायला एवढं लांब कशाला जातात.

थंडी पडली, हवा कोरडी झाली, गॅलरीत हीटर लागले आणि बाईंचा फोन आला. एक वाडगा बुडापासून वरपर्यंत तडकला होता. पाठोपाठ दुसराही, तोही एका गिऱ्हाइकाच्या घरी.

"काम देखणं आहे, त्यात वाद नाही," बाई म्हणाल्या. "पण तडकलेली वस्तू घेऊन गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही, माझ्याकडे येतं. अजून एकदा असं झालं तर शेल्फ दुसऱ्याला द्यावं लागेल."

बाईंचं काहीच चूक नव्हतं, आणि तेच जास्त लागलं. बाबा त्या दिवशी धड जेवले नाहीत.

त्यांनी सगळं खापर गोंदावर फोडलं. गोंद बदलला, तुकडे दाबून धरणारे शिकंजे आणखी आवळले, पुढचे वाडगे भिंतीवर आपटले तरी फुटणार नाहीत असे घट्ट केले. ओल्या हवेत ते छान राहायचे. कोरडी हवा सुटली की कुठूनतरी चीर जायचीच. गॅलरीतलं शेल्फही हातचं गेलं. घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे काही कळेना.

आता माझ्या कपाटाचं सांगते. ते मला माझ्या आईनं दिलेलं. त्याच्या दाराला चारी बाजूंनी चौकट आणि मधे चौकटीच्या खाचेत बसवलेली एक रुंद फळी. थंडीत दार लावलं की ही फळी खडखड वाजायची. मी कितीतरी वर्षं बाबांच्या मागे लागले होते. "जगासाठी वाडगे करता, घरातल्या दाराचं मात्र कुणाला काही नाही," हे माझं नेहमीचं पालुपद. एका पावसाळ्यात बाबांनी नवा गोंद घेतला आणि फळीच्या चारी कडांना खाचेत भरून टाकला. दार मुकं झालं. मी खूश होऊन त्यांना दोनदा चहा दिला.

थंडीत एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि कपाटातून 'कट्' असा आवाज आला. बघते तर फळी वरपासून खालपर्यंत उभी चिरलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांना हाक मारली. ते आले, चिरेवरून बोट फिरवलं, खाचेत डोकावले, आणि चक्क हसायला लागले.

"हसताय काय? माझ्या आईचं कपाट आहे ते."

"तुझ्या आईच्या कपाटानं माझे डोळे उघडले," ते म्हणाले आणि तसेच शेडकडे पळाले. सत्तरीचा माणूस पळताना मी पहिल्यांदा पाहिला.

माझा राग जरा निवल्यावर त्यांनी मला समजावलं. रुंद फळी ओल्या हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. म्हणून सुतारानं ती खाचेत मोकळी ठेवली होती. आम्ही ती चिकटवली. थंडीत तिला आकसायचं होतं, चौकट सोडेना, मग बिचारी फाटली. बाबांच्या वाडग्यांचंही तेच. कडी तुकड्यांची, पण बूड म्हणून एक अखंड चकती, तीही गच्च चिकटवलेली; ती आकसायला लागली की कडी सोडेनात, मग वाडगा चिरायचा.

"गाडीत काही वाजलं की आवळायचं," ते स्वतःवरच चिडून म्हणाले. "चाळीस वर्षं हेच केलं. जे वाजतं ते बिघडलेलं, एवढंच मला ठाऊक. लाकडालाही आवळत बसलो."

मग त्यांनी फुलदाणी करायला घेतली, गुडघ्याएवढी उंच. तिच्या खालच्या कड्यात आतून खाच आणि त्या खाचेत बुडाची चकती मोकळी, गोंदाचा थेंब नाही. बोलायला सोपं. चकती आत ठेवून कडं मिटवताना गोंद ओघळून खाचेत गेला की झालं, सगळं पाण्यात. पहिल्या फुलदाणीचं तसंच झालं. दुसरी फिरता फिरता लेथवरून उडाली आणि बाबांच्या अंगठ्याला टाके पडले.

"आता बास करा," माझा नवरा म्हणाला.

"बरं," बाबा म्हणाले. सकाळी शेडमधून लेथची घरघर ऐकू आली. मी मुकाट्यानं चहा नेऊन दिला. या वेळी मीही त्यांच्याच बाजूची होते.

तिसरी साधली. चकतीच्या कडेला त्यांनी मेण चोळलं होतं, म्हणजे गोंद आला तरी धरणार नाही. काळसर अंगावर पिवळट तुकड्यांची एक नागमोडी ओळ. मला लाकडातलं काही कळत नाही, पण मी ती बराच वेळ मांडीवर घेऊन बसले.

बाईंनी ती पाहिली आणि सरळ सांगितलं, "ही थंडी संपेपर्यंत माझ्या आतल्या खोलीत हीटरजवळ राहील. टिकली तर शेल्फवर. नाही टिकली तर मात्र मला पुन्हा विचारू नका."

"चालेल," बाबा म्हणाले.

उरलेली सगळी थंडी घरात फोन वाजला की लेथ थांबायचा.

शेवटी बाईंनी बोलावलं. मीही सोबत गेले. त्यांनी फुलदाणी दिव्याखाली ठेवली, चष्मा डोळ्यांवर ओढला, एकेका सांध्यावरून बोट फिरवलं. कुठं चीर नाही. मग बूड बघायला त्यांनी फुलदाणी उलटी केली आणि आतून आवाज आला. खडखड.

बाईंचा चेहरा उतरला. "तळ सुटलाय हो," त्या म्हणाल्या.

बाबांची नजर खिडकीजवळच्या शेल्फकडे गेली. तिथं कुणाचीतरी मातीची भांडी मांडून ठेवलेली होती. मला अगदी भडभडून आलं, आणि मला भडभडून आलं की मी बोलते.

"सुटलेला नाही, मोकळा ठेवलाय," मी म्हटलं. मग कपाटाचं सगळं रामायण सांगितलं, आईपासून गोंदापर्यंत. "खडखडीच्या नावानं मीच ओरडत होते, बाई. गप्प केलं आणि फळी चिरली. हे बूड कोरड्या हवेत वाजणार, ओल्या हवेत गप्प होणार. वाजतंय म्हणूनच फुलदाणी धड आहे."

बाईंनी ती कानाशी धरून पुन्हा हलवली. मग बाबांना विचारलं, "जागा किती सोडलीत?"

"नखाएवढी," बाबा म्हणाले.

"इथून पुढं सगळ्याच भांड्यांना अशी सोडाल?"

"सगळ्यांना."

बाईंनी मातीची भांडी स्वतः उचलून दुसरीकडे हलवली. "कार्डावर तसं लिहिते," त्या म्हणाल्या, "नाहीतर येणारा प्रत्येक जण मलाच सांगणार की तळ सुटलाय." बाबांनी खिशातला रुमाल काढून शेल्फ पुसलं. पुसून झाल्यावरही ते पुसतच राहिले, तेव्हा मी त्यांच्या हातून रुमाल काढून घेतला.

परत येताना बसमध्ये ते नेहमीसारखे ड्रायव्हरच्या मागे बसले. खिडकीची काच सारखी वाजत होती. एरवी अशा काचेत ते तिकिटाची घडी खुपसतात. आज नुसते ऐकत होते.

"कपाटाला नवी फळी बसवून देतो," ते म्हणाले.

"चिकटवणार?"

"नाही."

"मग वाजेल."

"वाजेल."

"वाजू दे," मी म्हटलं.

दोन थांबे गेले. माणसं उतरली, गाडी निम्मी रिकामी झाली. बाबा बाहेर बघत होते, मला डोळे दिसू नयेत म्हणून.

"माझं काहीतरी तिथं राहिलं, सूनबाई."

"राहिलं, बाबा," मी म्हटलं आणि त्यांच्या खांद्यावरचा भुसा झटकला.