तिसरी प्रत कोडोलीला

श्रीपाल मगदूमचा प्रवेश व्हायचा तो आधी आवाजाचा. मग दारात तो दिसायचा, आणि सगळ्यात शेवटी खांद्यावरची फुगलेली काळी पिशवी.

"काय, पासवर्ड अजून कॅलेंडरवरच लिवलाय का?"

एवढं ऐकलं की गुळाचा अडत्या असो, उद्यमनगरातला लेथवाला असो, नाहीतर लग्नपत्रिका छापणारा असो, समोरचा माणूस गडबडीने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचा. तीस वर्षं श्रीपालने कोल्हापुरातल्या लहान दुकानदारांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले. पण दुरुस्तीपेक्षा त्याच्या बोलण्याची ख्याती मोठी. दर शनिवारी सकाळी साडेतीनशे दुकानदारांच्या मोबाईलवर त्याचा दोन मिनिटांचा निरोप वाजायचा. "मशीन अपडेट मागालंय, तर 'उद्या'चं बटण दाबू नका. तुम्ही उद्यावर टाकताय, चोर आजच येतोय." "ओळख न पाळख, त्याची फाईल उघडायची न्हाय. दारात आलेल्या परक्याला आधी इचारता की, कुणाचं कोण म्हणून?" आणि दर निरोपाच्या शेवटी ठरलेलं वाक्य, भरतवाक्यासारखं : "प्रती तीन. एक मशीनमधी, एक कपाटात, एक दुसऱ्या गावात."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी त्याला जवाहरनगरातून क्रांतीचा फोन आला.

"अण्णा, मशीन चालू हाय, पण पाय दिसंनात."

दुसऱ्या कुणाला हे वाक्य कळलं नसतं. श्रीपालला कळलं, आणि हातातला चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला.

क्रांती पायताणं करायची. पण सरळ पायांची नव्हे; ती करणारे कोल्हापुरात पुष्कळ. पोलिओने आखडलेले, साखरेच्या आजाराने बोटं गेलेले, जन्मापासून आत वळलेले असे जे पाय बाजारातल्या कुठल्याच चपलेत मावत नाहीत, त्यांच्यासाठी तिचे वडील ज्ञानूदा यांनी उभा जन्म कातडं कापलं होतं. माणूस आला की ज्ञानूदा जमिनीवर कागद पसरायचे, त्यावर त्याला उभं करायचे आणि गुडघे टेकून पेन्सिलीने पावलाची कड काढायचे. कडेला बारीक अक्षरात टिपण : 'अंगठा दुखतो, पट्टा सैल.' 'टाचेला अर्धा सूत चढ.' अशी अकराशे माणसांची पावलं त्यांच्या घरात गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेली होती.

त्या गठ्ठ्यांना वाळवी लागली तेव्हा श्रीपालनेच ज्ञानूदांना कॉम्प्युटर घ्यायला लावला होता. तीन आठवडे खपून एकेक कागद त्याने स्वतः स्कॅन केला. काम संपल्यावर ज्ञानूदांनी विचारलं, "आता कागदांचं काय करू?"

"काय करायचंय ठेवून? सगळं मशीनमधी आलंय की."

माणसांची पावलं रद्दीत घालायला ज्ञानूदांचं मन होईना. त्यांनी ते कागद रोज थोडे थोडे आंघोळीच्या बंबात घातले. महिनाभर घरातलं पाणी त्यांच्यावर तापलं. पुढे ज्ञानूदा गेले. दोन वर्षं होऊन गेली होती त्याला.

श्रीपाल पोचला तेव्हा क्रांती मशीनसमोर हात बांधून उभी होती. पडद्यावर लाल पाटीवर इंग्रजी मजकूर होता. आत अकराशे फाईली जागच्या जागी होत्या, पण प्रत्येकीच्या नावाला भलतंच शेपूट लागलेलं, आणि एकही उघडत नव्हती. कुणीतरी बाहेरून सगळ्यांना कुलूप घातलं होतं आणि किल्लीचे पैसे मागितले होते.

"काल काय उघडलंस?"

"पुण्याच्या एका दवाखान्याची मेल आली. पेशंटच्या पायाची मापं जोडलीत, म्हणून लिवलं होतं. मला मापं अशीच येत्यात की, अण्णा. मी काय मुद्दाम करतो व्हय?"

"न्हाय गं. तुझी चूक न्हाय." श्रीपालने श्वास सोडला. "प्रतीची डिस्क आण. कपाटातली."

क्रांती जागची हलली नाही. तिने नुसतं टेबलाकडे बोट केलं.

मशीनच्या शेजारी ती काळी डबी होती. तिच्यावर खंडेनवमीच्या हळदीकुंकवाचे वाळलेले ठिपके होते. तिची वायर मशीनला लावलेली होती, आणि वर मशीन आणि डबी मिळून पिवळ्या दोऱ्याची गाठ मारलेली होती.

"ही... ही कधीपास्नं लावून ठिवलीस?"

"पहिल्या दिसापास्नं. जोड हाय न्हवं तो."

श्रीपालला काही विचारायची गरज राहिली नाही. या घरात पायताण तयार झालं की डावं-उजवं दोऱ्याने एकत्र बांधायची रीत. गिऱ्हाईक येईपर्यंत ती गाठ सुटायची नाही. जोडातलं एक इकडं, एक तिकडं झालं की दोन्ही वाया, हे ज्ञानूदांनी लेकीला कातडं कापायची रापी हातात देण्याआधी शिकवलं होतं. मशीन आणि त्याची प्रत हाही एक जोडच. तो फोडायचा कसा? आणि जे वायरीतून मशीनमध्ये शिरलं, ते त्याच पावली डबीतही गेलं होतं.

"मी तुला दर महिन्याला फोनवर इचारायचो की. कॉपी हाय न्हवं?"

"आणि मी हाय म्हणायची. होतीच की!"

होतीच. श्रीपालला त्या लाल पाटीपेक्षा हे जास्त लागलं. इतकी वर्षं त्याने प्रत आहे का एवढंच विचारलं होतं. ती कुठे आहे ते एकदाही येऊन पाहिलं नव्हतं, उघडून बघणं तर लांबच.

"मागत्यात तेवढं देऊन टाकू का?" क्रांतीने विचारलं. "सोनं हाय थोडं."

"देऊ नगो. पैसं घेऊन किल्ली देतील ह्याचा भरवसा न्हाय. आज दिलंस तर उद्या परत मागतील. आधी इंटरनेटची वायर काढ. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार करू. आणि ही डिस्क पुसायची न्हाय, फेकायची न्हाय. कधी कधी अशा कुलुपांची किल्ली पुढं मागं सापडती."

चार दिवस तो ते मशीन घरी घेऊन बसला. सूर्यास्तानंतर खायचं नाही हा घरचा नेम. त्याची बायको चंदना दिवस कलायला लागला की ताट वाढून हाक मारायची, आणि हा "आलो, आलो" म्हणत तसाच बसायचा. चारही दिवस उपाशी झोपला. तिसऱ्या दिवशी चंदना म्हणाली, "दुसऱ्याला सांगताना जीभ कात्रीसारखी चालती. स्वतःचं चुकलं म्हणताना का अडकालीया?"

शनिवारी तो रिकाम्या हाताने जवाहरनगरात गेला.

"गेलं, क्रांती. माझ्याच्यानं न्हाय उघडत." मग खाली बघत, "कागद जाळायला मीच लावलं. ज्ञानूदा इचारत होते, आणि मी शाणपणा केला."

क्रांती रडली नाही. ती आतून पाणी घेऊन आली. तो तसाच उठला आणि उंबऱ्याबाहेर पायताणात पाय घालू लागला, तेव्हा तिने एकदम म्हटलं, "थांबा. ते इकडं द्या."

"काय?"

"डावं पायताण."

श्रीपालचा डावा पाय लहानपणी बैलगाडीच्या चाकाखाली आलेला; त्याची पायताणं ज्ञानूदांनीच केलेली. क्रांतीने ते उजेडात धरलं. घामाने आणि धुळीने तळव्यावर त्याच्या पावलाचा काळा ठसा उमटला होता, पाचही बोटांसकट. तिने त्यावर अंगठा फिरवला.

"टाच आतल्या अंगाला दबलीया. इथं आबांनी अर्धा सूत चढ दिलाय. करंगळीपाशी पट्टा मागं घेतलाय." तिने मान वर केली. "अण्णा, हे कागदावर होतं तेच हाय की."

श्रीपाल एका पायावर उभा होता. तिसरी प्रत दुसऱ्या गावात असावी, हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं होतं! ती होती. लोकांच्या पायांत होती, कोडोलीत, वारणानगरात, राधानगरीच्या डोंगरात.

त्या शनिवारचा निरोप सकाळी नाही, दुपारी गेला. त्यात विनोद नव्हता. "मी श्रीपाल मगदूम. तीन प्रती ठेवा म्हणून तुम्हाला सांगत आलो, आणि ज्ञानूदांच्या घरी एकसुद्धा नीट राहिली का ते बघितलं न्हाय. चूक माझी हाय. तुमच्यापैकी, न्हायतर तुमच्या गिऱ्हाइकांपैकी, कुणाकडं ज्ञानूदांनी केलेलं पायताण असंल, फाटकं असंल तरी चालंल, ते जवाहरनगरात घेऊन या. आणि आजच आपापल्या प्रतीची वायर काढा, ती दुसऱ्या मशीनवर लावून उघडून बघा. उघडली तरच ती प्रत."

लोक येऊ लागले. पहिली आली कोडोलीची आक्का. सत्तरी ओलांडलेली, जन्मापासून एक पाऊल आत वळलेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने दोन जुने जोड काढले.

"ज्ञानू म्हणायचा, टाकू नको म्हातारे. न्हाय टाकलं. तुमचं ते मशीन मेलं, आन् माझं पायताण जित्तं हाय बघ!"

क्रांती कागद पसरी, माणसाला उभं करी, गुडघे टेकून कड काढी. मग जुनं पायताण उलटं-सुलटं करून वडिलांनी काय केलं होतं ते वाचून कडेला लिही. अक्षर मात्र तिचं. ज्ञानूदांचं अक्षर गेलं ते गेलंच.

एक दिवस राधानगरीकडून धोंडुबाई आल्या. पदराआडून त्यांनी एक पुरुषी जोड काढला.

"मालकांचं. गेल्या पावसाळ्यात गेलं ते." क्रांतीकडे न बघताच त्या बोलल्या. "आता पाय न्हाईत. पण तुमच्याकडं त्यांचा कागद होता न्हवं? तो ऱ्हाऊ दे."

क्रांतीने कागद पसरला. उभं करायला कुणी नव्हतं. तिने पायताणच कागदावर ठेवलं, तळव्याच्या ठशावर पातळ कागद धरून कड उतरवली. नेहमीपेक्षा हळू. श्रीपाल भिंतीकडे तोंड करून वायरी गुंडाळत बसला.

जून उजाडेपर्यंत चारशे बारा पावलं परत आली. बाकीची आली नाहीत. काही माणसं राहिली नव्हती, काहींपर्यंत निरोप पोचला नव्हता.

या वेळी कागद जाळले नाहीत. पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवले. फाईली नव्या मशीनवर चढल्या, दोन डिस्कांवर उतरल्या. एक क्रांतीच्या कपाटात गेली. दुसरी तिने हातातच धरून ठेवली.

"जोड फोडायचा म्हणजे..."

"दे इकडं," आक्का म्हणाली. नवं पायताण न्यायला ती आली होती. "लेक लगीन करून परगावी दिली म्हणजे काय तुटली व्हय?" आणि जुने जोड आणलेल्या त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्क घालून तिने गाठ मारली.

पंधरा दिवसांनी श्रीपाल कोडोलीला गेला. आक्काच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्याने लॅपटॉपला डिस्क लावली आणि पहिली फाईल उघडली. पाऊल दिसलं. दुसरी उघडली. मग तिसरी. मधेच धोंडुबाईंच्या मालकांचं पाऊल आलं. त्याच्यावर तो जरा थांबला.

आतून भाकरीचा वास आला. आक्का दारात येऊन उभी राहिली.

"पावणं, दिस बुडायला आला. तुमचा नेम हाय न्हवं? उठा, खाऊन घ्या."

"आलो."

"अजून किती बघायच्यात?"

"सगळ्या," श्रीपाल म्हणाला, आणि पुढची उघडली.

आक्काने आत जाऊन ताट आणलं आणि लॅपटॉपच्या शेजारी आणून ठेवलं. "मग एका हातानं खावा," ती म्हणाली, "आणि एका हातानं बघा."