बैठकेत वाचायचं पत्र

काकूंनी माझ्या हातातून मोदकांचं ताट घेतलं. मला वाटलं, नैवेद्यासाठीच. न्यू जर्सीतलं मराठी मंडळ, शाळेच्या जिममध्ये गणपती. वसतिगृहातल्या एकुलत्या एका शेगडीवर मी सकाळपासून एकवीस मोदक वळले होते.

"छान गं. आडनाव काय तुझं?"

"रामजी."

"ते वडिलांचं नाव. मी सरनेम विचारतेय."

"सरनेमच आहे, काकू."

मग सांगितलं. पणजोबा कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, मॉरिशसला गेले. बंदरावर कारकुनानं नाव विचारलं, ते म्हणाले रामजी. तेच साऱ्या घराला चिकटलं.

"म्हणजे उसाच्या मळ्यावर मजूर? मग जात कशी कळायची?"

"आम्हाला ठाऊक नाही." खरंच नव्हती ठाऊक.

काकू शेजारच्या बाईंकडे वळल्या. "नैवेद्यात मिक्स नको करूया हं. उगाच ऑकवर्ड होतं." ताट टेबलाखाली गेलं, कागदी प्लेट्सच्या खोक्याशेजारी. त्यांची दहा वर्षांची मुलगी मला न्याहाळत होती. "मॉम, इज शी इव्हन इंडियन?" तिला कुणी गप्प केलं नाही.

आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. गायलेसुद्धा. आज सांगताना लाज वाटते.

गाताना डोळ्यांसमोर आबा होते, माझे वडील. त्या वर्षांत आमच्या बेटावर एकच वाद. आपण कोण? भारतातून आलेले, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले, चीनमधून दुकान थाटायला आलेले, सगळे मिळून मॉरिशियन, की प्रत्येकजण आधी आपापला? आमच्या गावात सभेची खोली आहे, तिला बैठका म्हणतात. तिथे आबा तावातावानं बोलायचे. "आपण आधी मराठी. इथे राहतो एवढंच. आपली माणसं तिकडे आहेत."

शेजारचा झाँ माझ्या वर्गात होता. त्याचे पूर्वज गुलाम म्हणून आलेले. आई गेली तेव्हा वर्षभर मी त्याच्याच आईच्या हातचं जेवले. तो एकदा म्हणाला, "तुझ्या आबांना तिकडे कुणी ओळखतं का, विचार ना." मी त्याच्याशी दोन महिने बोलले नाही.

आणि अमेरिकेत शिकायला आल्यापासून मी काय लिहीत होते? आबा, इथे आपली माणसं भेटली. घरच्यासारखं वागवतात. खोटं होतं. पहिल्या वर्षीच एका काकांनी माझं मराठी 'क्यूट' म्हणून चारचौघांत बोलून दाखवायला लावलं होतं. ते मी लिहिलं नाही. आबांना वाईट वाटेल म्हणून. आबा माझी पत्रं बैठकेत मोठ्यानं वाचायचे. बघा, पोरीला कसं जवळ केलं! त्या पत्रांपुढे झाँसारख्यांची तोंडं बंद व्हायची.

आरती संपली. मोदक वाटले गेले, त्यांचे. मी वाकून ताट बाहेर काढलं.

"अगं, राहू दे ना. जेवणात घेऊ."

"नको काकू. देवाला चालत नाहीत ते तुम्हाला कशाला?"

कुणी थांबवलं नाही. बसस्टॉपवर बसून मी रडले, हमसून हमसून. काकूंसाठी नाही. म्हातारपणी आबांची ती दूरची माणसं मी त्यांच्यापासून हिरावून घेणार होते, म्हणून.

खोलीवर येऊन पत्र लिहायला बसले. काकूंचे शब्द जसेच्या तसे लिहिले. मुलीचे इंग्रजीतले शब्दही. शेवटी लिहिलं:

"आबा, आधीची पत्रं खोटी होती. इथे आपलं कुणी नाही. आपली माणसं बेटावरच आहेत, त्यांतली निम्मी तुमच्याशी भांडतात. हे पत्र बैठकेत वाचा, झाँ समोर बसलेला असताना. तुम्ही वाचलं नाहीत, तर सुट्टीत येऊन मी वाचेन. तुम्ही उठून गेलात, तरी वाचेन."