बाकावरची पॅन कार्डं

मला एक सांगा, तुमच्या पॅन कार्डाची झेरॉक्स आजवर कुणाकुणाला दिलीत? आणि त्यातल्या किती जणांच्या हातात घराची किल्ली द्याल?

बघा, गप्प झालात!

इंदापूरच्या बाजारात माझं क्रेट, सुतळी आणि पॅकिंगच्या कागदाचं दुकान आहे. शाळा सातवीपर्यंत, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. दुकानाच्या वरच्या खोलीत वर्षा मॅडम बसतात. मूळच्या बारामतीच्या, कर सल्लागार. जुलै लागला की त्यांच्याकडं रिटर्न भरणाऱ्यांची रांग लागते, आणि ती रांग जिन्यावरून उतरून माझ्या दुकानातल्या बाकावर बसते. नोकरदार त्यात एकही नाही. डाळिंबवाले, बकरीवाले, मांडववाले, सगळे आपापले मालक. वर जागा पुरली नाही की मॅडमही खालीच येऊन बसतात. बाक माझा, चहा माझा, किस्से त्यांचे. दरवर्षी वाटतं, आता नवीन काय ऐकायचं राहिलं? आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी असा जिना चढतो की पुन्हा सुरुवात!

* * *

पहिला किस्सा माझाच सांगतो, म्हणजे पुढं कुणाला हसलो तर कुणी रागवायला नको.

पॅन कार्ड नवीन आलं तेव्हा मला वाटलं, सरकारनं नंबर दिलाय, तो चार लोकांना दिसला पाहिजे. मी पेंटर बोलावला आणि दुकानाच्या पाटीवर फोन नंबरच्या खाली पॅन नंबर लाल रंगात रंगवून घेतला! दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांकडं मोठ्या ऐटीत बघत होतो.

तिसऱ्या दिवशी वर्षा मॅडम आल्या. पाटी वाचली, चष्मा वर केला, परत वाचली.

"शेठ, जागा उरलीय खाली. एटीएमचा पिनही लिहून टाका!"

पेंटरला तातडीनं परत बोलावलं. त्यानं ब्रश भिजवला, नंबर पुसला आणि मला धीर दिला, "शेठ, अजिबात काळजी करू नका. पुसायच्या आधी फोटू काढून ठेवलाय. कुणाला लागला तर माझ्याकडं हाय!"

* * *

वरकुट्याचे बबनतात्या डाळिंबाचा व्यापार करतात. मॅडमनी पॅन कार्ड मागितलं, तर तात्यांनी आधी टोपी काढली, कपाळाला हात लावला आणि लाल फडक्यातून कार्ड सोडवलं. हळद-कुंकवानं ते इतकं माखलेलं, की नंबर दिसेना.

"तात्या, हे काय केलंत?"

"दिवाळीला पूजेत मांडतो की. धंद्याचा कागद हाय."

मॅडमनी ओला कापूस आणला. हळद निघाली, कुंकू निघालं, एकेक आकडा दिसायला लागला. शेवटी फोटोकडं लक्ष गेलं. तो मात्र अगदी स्वच्छ!

"फोटोला बरं कुंकू लावलं नाहीत?"

"त्याला हारच घालणार हुतो," तात्या म्हणाले, "पर बायकू वरडली. म्हणली, अजून हायत ते!"

* * *

मोरगावकडच्या एका बकरीवाल्यानं मात्र मॅडमपुढं दोन कार्डं ठेवली. नाव एक, माणूस एक, नंबर दोन. पहिलं कार्ड पोस्टानं यायला उशीर झाला, म्हणून गड्यानं दुसरीकडं पुन्हा अर्ज केला, आणि दोन्ही आली.

"एका माणसाला एकच नंबर असतो," मॅडम म्हणाल्या. "दोन ठेवले तर दहा हजार दंड आहे. एक परत करावं लागेल."

"आवं पर माझं किती सोयीचं हुतं! निम्मी बकरी ह्या कार्डावर, निम्मी त्या कार्डावर. कुणालाच जड न्हाय."

बाकावरून कुणीतरी विचारलं, "आन बोकडं?"

"बोकडं रोखीत!"

मॅडमनी त्या दिवशी त्याचं काहीच भरलं नाही. त्याच्याकडून फक्त एक कोरी वही विकत आणवली, बकऱ्यांचा आणि बोकडांचाही हिशेब लिहायला.

* * *

हल्ली रिटर्न भरून भागत नाही, मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकावा लागतो. सोपानचा मांडवाचा धंदा. मुदतीचा शेवटचा दिवस, दुपारचे चार, सगळं भरून तयार. पण आधारला जोडलेला मोबाइल बायकोकडं, आणि बायको तीन आठवड्यांपूर्वी भांडून माहेरी गेलेली!

बाकावरच्या सगळ्यांनी समजूत घातली, तेव्हा कुठं सोपाननं फोन लावला. मॅडमना आकडे टिपून घ्यायचे म्हणून स्पीकर चालू.

"मोबाइलवर सहा आकडं आलं असतील, तेवढं सांग."

"आदी सॉरी म्हणा."

सोपाननं आमच्याकडं बघितलं. आम्ही सगळे छताकडं बघायला लागलो.

बरीच घासाघीस झाली. शेवटी सोपान भिंतीकडं तोंड करून "सॉरी" म्हणाला. तोवर त्या ओटीपीची वेळ संपून गेली. मॅडमनी नवा मागवला.

"आता दुसरं आकडं आलं असतील बग. सांग."

"पैला गेला, त्याच्याबरोबर पैलं सॉरी बी गेलं. परत म्हणा!"

* * *

आता भिगवणच्या मंगलवहिनी. हायवेला त्यांची मासळीची खानावळ आहे. चिलापी तळावी तर त्यांनी! नवरा मासे साफ करतो आणि दिवसातून मोजून दहा शब्द बोलतो. गाळा भाड्याचा. मालकानं तो विकायला काढला आणि सांगितलं, दिवाळीपर्यंत घ्या, नाहीतर उठा. वहिनी बँकेत गेल्या, बँक म्हणाली रिटर्न आणा. म्हणून दोघं मॅडमकडं आली. वहिनींनी कधी रिटर्न भरलेलंच नव्हतं.

मॅडमनी पॅन नंबर टाकून सरकारकडची माहिती उघडली. म्हणाल्या, "वहिनी, तुमचा टेम्पो आहे?"

"माझ्या दोन कढया हायत."

"इथं तर वर्षभर तुमच्या नावावर टेम्पोचं भाडं जमा झालंय. चांगलं घसघशीत!"

वहिनी विचारात पडल्या. मग एकेक आठवायला लागलं. दीर सुनील टेम्पो चालवतो. त्याच्या नावावर एक टेम्पो होताच, दुसऱ्याचं भाडं त्याला आपल्या करात नको होतं. दुसरा जुना घेताना तो खानावळीत कागद घेऊन आला होता. "वहिनी, घरच्या कागदाला सही लागती," म्हणाला. वहिनींनी मसाल्याचा हात पुसला आणि सह्या केल्या. बँकेतलं खातंही तेव्हाच उघडलं. पासबुक आणि एटीएम कार्ड सुनीलच्याच खिशात.

"आन नारळ बी मलाच फोडायला लावला," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, थोरल्या भावजयीचा मान ठेवला!"

* * *

रविवारी मॅडमनी वहिनी आणि त्यांच्या नवऱ्यासोबत सुनीललाही बोलावलं. सुनील पांढरा शर्ट, काळा गॉगल, बोटात टेम्पोची चावी फिरवत आला. वर जागा नव्हती म्हणून सगळे खाली माझ्या बाकावर बसले. मी चहा सांगितला.

"मॅडम, एवढं काय त्यात?" सुनील म्हणाला. "टेम्पोचं दावू नका, खानावळीचं बी दावू नका. कोरं रिटर्न भरून टाका."

"कोऱ्या रिटर्नवर वहिनींना बँक कर्ज देणार नाही. गाळा जाईल. आणि भाडं लपवलं म्हणून नोटीस येईल, तीही वहिनींनाच."

"येऊ द्या की, घरातलंच हाय सगळं. वहिनी, तुमी यात पडू नका. तुमाला न्हाय कळायचं."

वहिनींनी चहाचा कप खाली ठेवला. मॅडमकडं वळल्या.

"मॅडम, टेम्पोच्या कागदावर नाव कुणाचं हाय?"

"तुमचं."

"भाडं पडतंय ते खातं?"

"तुमचं."

"आन ह्याचा कर कुणी भरायचा?"

"तुम्हीच."

"मग टेम्पो कुणाचा?"

मॅडमनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

वहिनींनी सुनीलपुढं हात केला. "चावी."

सुनील हसला. माझ्याकडं बघून हसला, भावाकडं बघून हसला. वहिनींचा हात होता तिथंच राहिला. मग तो हसायचा थांबला.

वहिनींचा नवरा इतका वेळ जमिनीकडं बघत बसला होता. त्यानं मान वर केली.

"दे."

त्या दिवसातला तो त्याचा पहिलाच शब्द असावा.

सुनीलनं चावी हातावर ठेवली. वहिनींनी ती पदराच्या टोकाला बांधली, दोनदा ओढून गाठ बघितली आणि उठल्या.

"उद्या सकाळी येऊन चावी घिऊन जावा, भावजी. पगार संध्याकाळी ठरवू. आन एक लक्षात ठिवा. डिझेल आसू दे, भाडं आसू दे, जसं झालं तसंच लिवत जावा. माज्या नंबरावर जातंय ते!"